ऐतिहासिक नकाशे आणि आधुनिक डिजिटल नकाशे : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात एक तुलनात्मक चिकित्सा

गोषवारा

डिजिटल नकाशे सर्वत्र उपलब्ध झाल्यापासून जुन्या कागदी नकाशांकडे केवळ संग्रहालयीन वस्तू म्हणून पाहण्याची प्रवृत्ती वाढली आहे. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या आधारे या प्रवृत्तीची चिकित्सा केली आहे. डिजिटल नकाशा स्थानाच्या बाबतीत अचूक असला तरी काळाच्या बाबतीत तो मुका राहतो. ऐतिहासिक नकाशा स्थानाच्या बाबतीत कमी काटेकोर असला तरी त्याला तारीख, कर्ता आणि हेतू असतो, म्हणून त्याची उलटतपासणी करता येते, हे येथे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर वाडी-वस्ती आणि पावसाळा या दोन बाबतींत दोन्ही प्रकारचे नकाशे कसे अपुरे पडतात, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : ऐतिहासिक नकाशा, स्थलनिर्देशक नकाशा, डिजिटल नकाशा, स्थलनामे, वनहक्क, दरडप्रवण क्षेत्र.

१. प्रस्तावना

नकाशा हे भूगोलाचे साधन आहे, तसाच तो इतिहासाचा दस्तऐवजही आहे. महाविद्यालयीन अध्यापनात मात्र ही दोन अंगे बहुधा एकमेकांपासून तुटलेली दिसतात. भूगोल विभागात स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन प्रात्यक्षिकापुरते शिकविले जाते, तर इतिहास विभागात नकाशा हा प्रकरणाच्या शेवटी जोडावयाचे चित्र ठरतो. २००५ साली गुगल मॅप्स व गुगल अर्थ, २००९ साली इस्रोचे 'भुवन' आणि त्यापाठोपाठ भ्रमणध्वनीवरील नकाशे आल्यानंतर जुन्या नकाशांची गरजच उरली नाही, असा समज दृढ होत गेला. पडद्यावर बोटाच्या एका स्पर्शाने घराचे छप्परही दिसत असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद कशासाठी जपावयाचा, असा प्रश्न विचारला जातो.

हा प्रश्न अवाजवी नाही. त्याचे उत्तर भावनेने न देता उदाहरणांनी द्यावे लागते. त्यासाठी कर्जत व खालापूर हे दोन तालुके विशेष उपयुक्त आहेत. पूर्वेला सह्याद्रीची धार, मध्ये माथेरान-प्रबळची डोंगररांग, उत्तरेकडे वाहणारी उल्हास, पश्चिमेकडे वळणारी पाताळगंगा आणि या सर्वांना छेदून जाणारा बोरघाट अशी येथील रचना आहे. मुंबई व पुणे या दोन शहरांच्या मधोमध असल्याने गेल्या दोनशे वर्षांत येथे रस्ते, लोहमार्ग, जलविद्युत प्रकल्प, धरणे व वसाहती यांचे थरावर थर चढले. म्हणूनच येथील नकाशांचे वाचन म्हणजे या थरांचे वाचन होय.

२. बदलत्या सीमा आणि कागदपत्रांचा शोध

कोणत्याही तालुक्याचा अभ्यास त्याच्या सीमेपासून सुरू होतो. परंतु सीमा स्थिर नसतात. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. खालापूर हे त्या काळी स्वतंत्र तालुका नसून कर्जतच्या अंतर्गत असलेले पेटे होते. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महसुली कागदपत्रांत या भागाचा उल्लेख नसरापूर तालुका असा आढळतो. आज नसरापूर हे कर्जतजवळचे एक गाव आहे.

या बदलांचा परिणाम संशोधनावर थेट होतो. कर्जत-खालापूरची माहिती शोधणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरकडे वळतो आणि त्याला तेथे या तालुक्याचे वर्णन मिळत नाही. कारण ते १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. डिजिटल नकाशा आजची जिल्हासीमा दाखवितो, ती केव्हा व कोठून सरकली हे सांगत नाही. जुना जिल्हा-नकाशा समोर असला की ही चूक क्षणात टळते. ऐतिहासिक नकाशा हा केवळ भूभागाचा नव्हे, तर दप्तरखान्याचाही मार्गदर्शक असतो, ही गोष्ट येथे अधोरेखित होते.

३. ऐतिहासिक नकाशांचे प्रकार व त्यांचे हेतू

'ऐतिहासिक नकाशा' ही एकजिनसी वस्तू नाही. या परिसरापुरता विचार केला तरी किमान चार प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार मराठेशाहीतील नकाशांचा. सुझन गोल आणि जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय नकाशांचा जो शोध घेतला, त्यात मोडी लिपीतील नावे असलेल्या नकाशांचाही समावेश आहे. या परंपरेत मोजपट्टीचे प्रमाण गौण असते. डोंगर बाजूने दिसावा तसा उभा काढलेला असतो आणि महत्त्वाचे ठिकाण आकाराने मोठे असते. मोजमापाच्या कसोटीवर असा नकाशा चुकीचा ठरेल. परंतु कोणता किल्ला, कोणती वाट व कोणते पाणी तत्कालीन कारभाऱ्यास महत्त्वाचे वाटत होते, हे तोच सांगतो.

दुसरा प्रकार कंपनी सरकारच्या सर्वेक्षणांचा. १८०२ मध्ये विल्यम लँबटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला, त्याने देशभरच्या नकाशांना गणिती बैठक दिली. कोकणपट्टीच्या सर्वेक्षणाशी थॉमस बेस्ट जर्व्हिस याचे नाव निगडित आहे. त्याचे कोकणविषयक भौगोलिक व सांख्यिकीय टिपण १८४० साली प्रसिद्ध झाले. या नकाशांच्या मुळाशी सैन्याच्या हालचाली व महसूल हे दोन हेतू स्पष्ट दिसतात.

तिसरा प्रकार महसुली मोजणीचा. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर येथून सुरू केलेली पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. तिच्यातून प्रत्येक गावाचा गाव नकाशा, टिपण व आकारबंद तयार झाला. आजही बांधाचा वाद उद्भवला की अखेरीस भूमी अभिलेख कार्यालयातील याच कागदांचा आधार घ्यावा लागतो. संगणकीकृत गाव नकाशा हे मुख्यत्वे त्यांचेच रूपांतर आहे.

चौथा प्रकार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांचा. आरंभी एक इंचास एक मैल आणि पुढे १:५०,००० या प्रमाणावर ते छापले गेले. त्यांच्या अनुक्रम पद्धतीप्रमाणे १९ अंश उत्तर अक्षवृत्त हे ४७ ई व ४७ एफ या दोन पत्रकांची सीमा असल्याने कर्जत तालुका दोन पत्रकांत विभागला जातो. नेरळ ४७ ई/८ मध्ये, कर्जत, खालापूर व खोपोली ४७ एफ/५ मध्ये, तर इर्शाळगडाचा परिसर ४७ एफ/१ मध्ये येतो. किनारपट्टी व सीमेलगतचे असे नकाशे सामान्य अभ्यासकास दीर्घकाळ सहजी उपलब्ध नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व खुली मालिका असे दोन भाग केले, २०१७ मध्ये खुल्या मालिकेतील पत्रके संकेतस्थळावरून मिळू लागली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशानिर्मितीवरील पूर्वपरवानगीचे बंधन बव्हंशी दूर केले.

जे. बी. हार्ले यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात नकाशा हा सत्तेचा लेख असतो, ही भूमिका मांडली; मॅथ्यू एडनी यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वेक्षणाच्या संदर्भात तिची सविस्तर तपासणी केली. कर्जत तालुक्यातील माथेरान हे तिचे जवळचे उदाहरण ठरते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे चढून गेला आणि काही दशकांतच त्या पठाराच्या नकाशावर लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, शार्लट अशी नावे उमटली. या डोंगरावर धनगर, ठाकर व कातकरी यांचा वावर पूर्वीपासून होता. त्यांची नावे नकाशाच्या कडेला ढकलली गेली. तेव्हा ऐतिहासिक नकाशाचे महत्त्व मान्य करणे म्हणजे त्याचे पावित्र्य मान्य करणे नव्हे. त्याचे महत्त्व तो निर्दोष आहे म्हणून नसून त्याचे दोष ओळखता येतात म्हणून आहे.

४. ऐतिहासिक नकाशा काय जपतो

खोपोलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आजच्या डिजिटल नकाशावर कर्जत-खोपोली हा मुख्य मार्गापासून फुटलेला व खोपोलीस संपणारा एक फाटा दिसतो. घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबणारा हा फाटा मुळात का घातला गेला असावा, याचे उत्तर त्या नकाशावर नाही. १८५६ साली कल्याणकडून आलेला लोहमार्ग पळसदरीमार्गे खोपोलीस पोहोचला, तेव्हा खोपोली हेच मुख्य मार्गाचे टोक होते. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाल्यावर प्रवासी खोपोलीस उतरून पालखीने वा अन्य वाहनाने घाट चढत व खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये १,८३१ फूट चढाचा घाटमार्ग पूर्ण झाला आणि खोपोली बाजूला पडली. त्या काळच्या इंग्रजी नकाशांतील 'कँपूली' म्हणजे हीच खोपोली. घाटातील गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानकही १९२९ साली नवी आखणी झाल्यावर बंद झाले. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात खुला झालेला गाडीरस्ता, १८६३ चा लोहमार्ग, १९२९ ची बदललेली आखणी आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग या चार अवस्था चार काळांच्या नकाशांतून क्रमाने वाचता येतात. डिजिटल नकाशा त्यांतील शेवटची अवस्था ठळक करतो. उरलेल्या अवस्था झाडीखाली लपलेल्या रेषा होऊन राहतात.

दुसरे उदाहरण पाण्याचे. कर्जत तालुक्यातील पेज नदी व तिच्या लाभक्षेत्रातील उन्हाळी भातशेती पाहिली, तर ही नदी मुळातच बारमाही असावी, असे वाटते. डिजिटल उंचीप्रतिमानावरून संगणक तिचे पाणलोट क्षेत्र अचूक आखून देतो. मात्र हे क्षेत्र उन्हाळ्यातील पाण्याचा उलगडा करू शकत नाही. कारण ते पाणी सह्याद्रीपलीकडचे आहे. १९२२ साली सुरू झालेल्या टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून आंध्रा नदीवरील जलाशयाचे पाणी घाटाखाली येते आणि राजनाल्यातून शेतांस मिळते. खोपोली येथील १९१५ च्या केंद्रातून सुटणारे पाणी त्याच रीतीने पाताळगंगेस मिळते. भीमेच्या, पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी असे पश्चिमवाहिनी झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत बारमाही प्रवाह निळ्या रंगात व हंगामी प्रवाह काळ्या रेषेने दाखविण्याचा संकेत आहे. जलविद्युत प्रकल्पापूर्वीची व नंतरची पत्रके शेजारी ठेवून प्रवाहांचे रंग तपासणे, हा एका प्रात्यक्षिकाचा विषय होऊ शकतो. बोगद्यातून येणारे पाणी उंचीच्या आकड्यांतून दिसत नाही. ते तारखांच्या तुलनेतून दिसते.

तिसरी बाब वाटांची. द्रुतगती मार्गाच्या काळात कोकण व घाटमाथा यांचा संबंध बोरघाटापुरता मर्यादित भासतो. जुने नकाशे व गॅझेटियर यांत मात्र भिवपुरीकडून चढणारा कुसूर घाट, खांडसहून भीमाशंकरास जाणारे गणेश घाट व शिडी घाट, कोंडाण्याहून राजमाचीस जाणारी वाट, खालापूरच्या दक्षिणेकडील कुरवंडे घाट अशी चढणींची मालिका दिसते. बाजार, यात्रा, लग्नसंबंध व गुरांचे स्थलांतर या वाटांनी होत असे. वाहनाच्या सोयीसाठी आखलेला डिजिटल नकाशा पायवाटेस दुय्यम मानतो, कारण त्याचा वापरकर्ता चाकांवर आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. येथेही नकाशाचा हेतूच त्यातील आशय ठरवितो. फक्त पूर्वीच्या सेनापती व कलेक्टर यांच्या जागी आता वाहनचालक व ग्राहक आले आहेत.

चौथी बाब पाण्याखाली गेलेल्या जमिनीची. खालापूर तालुक्यात चौकजवळ धावरी नदीवर झालेल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस मिळते. उपग्रहचित्रात तेथे एक निळा विस्तार दिसतो. धरणापूर्वीच्या पत्रकावर त्याच जागी शेती, विहिरी, वाटा व वस्त्या यांच्या खुणा आहेत. विस्थापितांच्या दृष्टीने हा फरक केवळ माहितीचा नाही. बुडालेल्या भूमीचे सार्वजनिक चित्र आता बव्हंशी त्या कागदावर उरले आहे.

५. डिजिटल नकाशाचे सामर्थ्य

येथवरच्या विवेचनावरून डिजिटल नकाशा निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. अनेक प्रश्नांची उत्तरे तोच देऊ शकतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातील चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेस कोंडीत पकडले. परमानंदाच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे वर्णन आहे. परंतु त्या काळचा मोजणीचा नकाशा असण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी २००० साली अवकाशयानातून घेतलेल्या रडार मापनावर आधारित उंचीप्रतिमान मोलाचे ठरते. खिंडीची रुंदी, दोन्ही बाजूंचे उतार, कोणत्या टेकाडावरून वाटेचा कोणता भाग दृष्टीस पडतो, घाट उतरून आलेल्या फौजेस मागे फिरणे का कठीण होते, हे संगणकावर तपासता येते. अर्थात आजची वाट हीच सतराव्या शतकातील वाट होती, असे गृहीत धरून चालत नाही. तेथे पुन्हा जुन्या पत्रकावरील तुटक रेषांची पायवाट मदतीस येते. एका साधनाने भूमीचा आकार मिळतो, दुसऱ्याने वाटेचा मागोवा लागतो आणि दोहोंना अर्थ देण्याचे काम ग्रंथातील वर्णन करते.

डिजिटल तंत्राचा दुसरा मोठा लाभ म्हणजे जुने नकाशे एकमेकांवर ठेवण्याची सोय. भौगोलिक माहिती प्रणालीत जुन्या पत्रकाचे भूसंदर्भन केले की शंभर वर्षांतील बदल एका दृष्टिक्षेपात येतो. मात्र येथे तांत्रिक सावधगिरी आवश्यक आहे. जुनी पत्रके एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर व बहुशंकू प्रक्षेपणावर आधारलेली आहेत, तर खुल्या मालिकेतील पत्रके व उपग्रहीय स्थाननिश्चिती डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भचौकटीवर. योग्य रूपांतर न करता एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला, तर या परिसरात शंभर मीटरच्या आसपास सरक येऊ शकते. एवढ्या अंतरात नदीचा काठ बदलतो, वस्ती ओढ्याच्या पलीकडे जाते आणि शेत वनहद्दीत पडते. तंत्र न समजता केलेली अशी तुलना अनेकदा नदीने पात्र बदलल्याचा निष्कर्ष देते. प्रत्यक्षात बदललेली असते ती केवळ संदर्भचौकट.

६. डिजिटल नकाशाच्या मर्यादा

डिजिटल नकाशाची पहिली मर्यादा काळाची आहे. छापील पत्रकावर सर्वेक्षणाचे वर्ष, आवृत्ती, प्रमाण व चिन्हांची सूची असते. पडद्यावरील अखंड दिसणारी प्रतिमा मात्र निरनिराळ्या दिवशी टिपलेल्या तुकड्यांची गोधडी असते. रस्ते एका साली भरलेले, नावे दुसऱ्या साली, सीमा तिसऱ्याच स्रोतातून घेतलेल्या. नवी माहिती आली की जुनी निघून जाते. याला अपवाद आहेत. गुगल अर्थवर जुन्या प्रतिमा पाहता येतात, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि लँडसॅटची चित्रे १९७२ पासून उपलब्ध आहेत. तथापि सर्वसामान्य वापरकर्त्यासमोर येतो तो तारीख नसलेला वर्तमानच. ज्या कागदास तारीख नाही, तो इतिहासाच्या अभ्यासकाने पुरावा म्हणून स्वीकारताना दोनदा विचार करावा, हा साधा नियम पडद्यासही लागू व्हावयास हवा.

दुसरी मर्यादा नावांची. इंग्रज सर्वेक्षकांनी मराठी नावे रोमन लिपीत लिहिली, तेव्हाच ठ-थ, ड-द, ण-न, ळ-ल हे भेद पुसट झाले. आता तीच रोमन नावे यांत्रिक रीतीने पुन्हा देवनागरीत येऊ लागली, की 'पळसदरी'तील पळसही हरवण्याचा धोका असतो आणि दरीही. स्थलनाम हे भूगोलाचे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. पळसदरी हे नाव वनस्पती सांगते, चौक हे वाटांचे मीलन सुचविते, बोरघाटातील ठाकूरवाडी हे रेल्वेचे ठिकाण शेजारच्या समाजाची आठवण जपते. नवीन गृहसंकुलांची व विश्रामधामांची जाहिरातवजा नावे पडद्यावर ठळक होतात, तेव्हा माळ, टेप, कोंड, पाणवठा यांची नावे पहिल्यांदा गळतात.

तिसरी मर्यादा मालकीची. जुना नकाशा सरकारी असला तरी तो ग्रंथालयात, अभिलेखागारात व कार्यालयात ठेवलेला असतो. तो मागता येतो आणि साक्षांकित प्रत मिळते. व्यावसायिक डिजिटल नकाशा आज आहे तसाच उद्या मिळेल, याची हमी कोणीही देत नाही.

७. दोन्ही नकाशांचे समान मौन

तुलनेचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे येतो. जेथे दोन्ही नकाशे एकाच गोष्टीबाबत गप्प बसतात, तेथे ते मौन योगायोगाचे नसते. कर्जत-खालापूरच्या संदर्भात अशा दोन गोष्टी आहेत: वाडी आणि पावसाळा.

महसुली व्यवस्थेचे एकक गाव आहे. डोंगरउतारावरील ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या बहुधा कोणत्या ना कोणत्या महसुली गावात समाविष्ट असतात. परिणामी गाव नकाशात जमिनीचे गट दिसतात, वाडी ठळकपणे दिसत नाही. एक इंची पत्रकांवर वाड्यांच्या खुणा आहेत. पण अनेक ठिकाणी त्यांचे स्वतःचे नाव न देता नुसते 'ठाकूरवाडी' वा 'कातकरवाडी' असे जातिवाचक नाव नोंदविलेले आढळते. डिजिटल याद्याही जनगणनेच्या महसुली गावांवर बेतलेल्या असल्याने ही उणीव पुढे चालू राहते.

दुसरे मौन ऋतूचे. सर्वेक्षण पथकांचा क्षेत्रकार्याचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यात संपत असे. पावसाळा हा कचेरीत बसून रेखाटन करण्याचा काळ असे. आजच्या उपग्रहांची नेहमीची प्रकाशीय चित्रेही ढगांमुळे पावसाळ्यात निरुपयोगी ठरतात आणि कोरड्या महिन्यांतीलच वापरली जातात. साधने बदलली, शतक बदलले, तरी कोकणचा नकाशा कोरड्या कोकणचाच राहिला. जो ओढा पत्रकावर काळी बारीक रेषा आहे आणि उपग्रहचित्रात तपकिरी घळ आहे, तो आषाढात काय असतो, हे दोन्हींपैकी एकही नकाशा सांगत नाही.

या दोन मौनांची किंमत काय असते, ते १९ जुलै २०२३ च्या रात्री दिसून आले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत वाहन जाणारा रस्ता नव्हता. मदतपथकांना पायवाटेनेच चढावे लागले. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनाच्या वतीने विधिमंडळात सांगण्यात आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ पासून हाती घेतलेले राष्ट्रीय दरडप्रवणता मानचित्रण १:५०,००० या प्रमाणावर आहे. त्या प्रमाणावर नकाशातील एक सेंटीमीटर म्हणजे भूमीवरील अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यात काही मिलिमीटरांत मावते. जुना नकाशा उपलब्ध असता तर दुर्घटना टळली असती, असे विधान करणे उथळपणाचे होईल. परंतु प्रत्येक वाडीचे नाव, तिच्यावरचा उतार, तिच्याजवळचे ओढे आणि पूर्वी घसरलेल्या जागांच्या आठवणी यांची एकत्रित नोंद कोणत्याही नकाशावर नसणे, ही उणीव या घटनेने उघड केली.

वनहक्कांच्या बाबतीत हेच मौन वेगळ्या रीतीने जाचक ठरते. वनहद्दींचा प्रश्न येथे जुना आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक गाऱ्हाण्यांसाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला होता. रायगड जिल्ह्यात डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी कसल्या जाणाऱ्या 'दळी' जमिनींचा प्रश्न त्याच परंपरेतला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासी कसणाऱ्याचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध व्हावा लागतो. नाचणी पावसाळ्यात उभी असते व हिवाळ्याच्या तोंडावर कापली जाते. म्हणजे ज्या महिन्यांत पीक असते, त्या महिन्यांत आकाश ढगाळ. आणि ज्या महिन्यांत उपग्रहास दिसते, त्या महिन्यांत उतार उघडा. अशा चित्रावरून येथे शेती नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे ऋतूस साक्षीदार मानणे होय. कायद्याच्या नियमांनी गॅझेटियर, मोजणी अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रे व इतर सरकारी कागद यांना पुरावा म्हणून मान्यता दिली आहेच; २०१२ च्या दुरुस्तीने उपग्रहचित्र हे इतर पुराव्यास पूरक असून त्याची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट केले. विधिनियमानेच दिलेला हा तुलनात्मक अभ्यासाचा धडा विद्याशाखांनी गांभीर्याने घ्यावयास हवा.

८. अध्ययन-अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

उपरोक्त विवेचनातून महाविद्यालयीन पातळीवर सहज करता येण्याजोगे काही उपक्रम सुचतात. पहिला म्हणजे एका गावाचा गाव नकाशा, एक इंची पत्रक, १:५०,००० चे खुले पत्रक आणि चालू उपग्रहचित्र यांचा संच तयार करून भूगोल, इतिहास व मराठी या विभागांनी तो संयुक्तपणे वाचणे. दुसरा, वाड्यांतील ज्येष्ठांकडून स्थलनामांचे देवनागरीतून, उच्चारानुसार संकलन करणे. यात मराठी विभागाचा वाटा सर्वांत मोठा राहील. तिसरा, पावसाळ्यात वाहणारे ओढे, फुटणारे झरे व खचलेल्या जागा यांची दरवर्षी तारखेसह नोंद ठेवणे आणि ती ग्रामपंचायत व तहसील कार्यालयास देणे. चौथा, प्रत्येक डिजिटल नकाशाची प्रत काढून ठेवताना तिच्यावर दिनांक, स्रोत व संदर्भचौकट लिहिण्याचा शिरस्ता पाडणे. शेवटचा उपक्रम सर्वांत सोपा आहे. त्यास खर्च नाही आणि आजच्या डिजिटल नकाशास उद्याचा ऐतिहासिक नकाशा करण्याचे सामर्थ्य त्यात आहे.

९. निष्कर्ष

ऐतिहासिक व डिजिटल नकाशांची तुलना जुने विरुद्ध नवे अशी मांडली, तर ती निष्फळ ठरते. कर्जत-खालापूरच्या उदाहरणांवरून असे दिसते, की डिजिटल नकाशा 'कोठे' या प्रश्नाचे उत्तर उत्तम देतो. 'केव्हा', 'कोणी' व 'कशासाठी' या प्रश्नांसाठी ऐतिहासिक नकाशाकडे वळावे लागते. खोपोलीचा फाटा, पेजेचे उन्हाळी पाणी व मोरब्याखालची शेती यांचा अर्थ एकाच काळाच्या नकाशाने लागत नाही. उंबरखिंडीसारख्या स्थळी उलट डिजिटल साधनांवाचून पुढे जाता येत नाही. म्हणून दोन्ही नकाशे हे साक्षीदार मानून त्यांची जबानी ताडून पाहणे, हीच अभ्यासकाची रीत असावी.

तथापि दोन साक्षीदार एकाच ठिकाणी गप्प राहिले, तर तिसऱ्याचा शोध घ्यावा लागतो. या दोन तालुक्यांत तो तिसरा साक्षीदार म्हणजे डोंगरउतारावर राहणारी, त्या उताराचा पावसाळा पाहिलेली माणसे होत. त्यांनी दिलेली नावे व खुणा नकाशावर उतरविणे हे भूगोलाचे काम आहे, इतिहासाचे आहे आणि इर्शाळवाडीनंतर ते लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही.